नक्षलविरोधी अभियान (महाराष्ट्र)

नक्षलविरोधी अभियान हा महाराष्ट्र पोलीस दलाचा विशेष विभाग असून त्याचे मुख्यालय नागपूर येथे आहे. विदर्भाच्या पूर्व भागात, प्रामुख्याने गडचिरोली व गोंदिया या जिल्ह्यांत, सशस्त्र नक्षलवादी कारवायांना प्रतिबंध करणे, त्यांविषयीची गुप्तवार्ता संकलित करणे, विशेष पथकांना प्रशिक्षण देणे आणि शेजारील राज्यांच्या पोलिसांशी समन्वय राखणे ही या विभागाची प्रमुख कामे आहेत. जिल्हा पोलीस, सी-६० पथके, राज्य राखीव पोलीस बल आणि केंद्रीय राखीव पोलीस दल ही दले या अभियानात सहभागी असतात.

दहशतवादी वा सशस्त्र बंडखोर गटांविरुद्ध मोठे सैन्यबळ अधिक उपयुक्त ठरते की अचूक गुप्तवार्ता, या प्रश्नाच्या अभ्यासात गडचिरोलीचे उदाहरण महत्त्वाचे आहे. येथे लष्कराचा वापर न करता पोलिसांनीच चार दशकांहून अधिक काळ ही लढाई लढली. या काळातील यशापयश बऱ्याच अंशी स्थानिक रहिवाशांकडून मिळणाऱ्या माहितीवर अवलंबून राहिले. ही माहिती देण्याच्या संशयावरून अनेक आदिवासी ग्रामस्थांना मात्र प्राण गमवावे लागले.

पार्श्वभूमी

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याच्या विभाजनातून निर्माण झाला. जिल्ह्याचे क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर असून त्याचा सुमारे तीन चतुर्थांश भाग वनाच्छादित आहे. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या १०,७२,९४२ होती आणि तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण ३८ टक्क्यांहून अधिक होते. जिल्ह्यात मराठीबरोबरच गोंडी, माडिया, तेलुगू, छत्तीसगढी व बंगाली या भाषा बोलल्या जातात. पूर्वेस छत्तीसगढ व दक्षिणेस तेलंगण ही राज्ये असून वैनगंगा, प्राणहिता, गोदावरी व इंद्रावती या नद्या जिल्ह्यातून वा त्याच्या सीमेवरून वाहतात. छत्तीसगढमधील अबुझमाडचा डोंगराळ प्रदेश भामरागड तालुक्याला लागून आहे. एका राज्यात कारवाई करून दुसऱ्या राज्याच्या जंगलात निघून जाणे या भूरचनेमुळे सशस्त्र गटांना सोपे झाले.

कोंडापल्ली सीतारामय्या यांच्या नेतृत्वाखाली १९८० मध्ये आंध्र प्रदेशात पीपल्स वॉर ग्रुपची स्थापना झाली. त्याच वर्षी या गटाची पथके गोदावरी व प्राणहिता ओलांडून सिरोंचा भागात आली. नोव्हेंबर १९८० मध्ये पेद्दी शंकर हा नक्षलवादी सिरोंचा परिसरात पोलिसांच्या गोळीबारात मारला गेला. महाराष्ट्रातील नक्षलवादी चळवळीच्या इतिहासात ही आरंभीची घटना मानली जाते. तेंदूपत्ता व बांबूतोडीची अत्यल्प मजुरी, वनाधिकारी व ठेकेदारांकडून होणारी पिळवणूक आणि जमिनीच्या हक्कांचे प्रलंबित प्रश्न यांमुळे दलम म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सशस्त्र तुकड्यांना गावांत आधार मिळाला. गावपातळीवर संघटना उभारल्या गेल्या. जेवण, निवारा आणि पोलिसांच्या हालचालींची खबर दलमपर्यंत पोहोचवण्याचे काम या संघटना करीत.

२१ सप्टेंबर २००४ रोजी पीपल्स वॉर व माओवादी कम्युनिस्ट सेंटर यांच्या विलीनीकरणातून भारतीय कम्युनिस्ट पक्ष (माओवादी) स्थापन झाला. केंद्र सरकारने जून २००९ मध्ये या पक्षाचा समावेश बेकायदेशीर कृत्ये (प्रतिबंध) अधिनियमाखालील दहशतवादी संघटनांच्या यादीत केला. शासकीय दस्तऐवजांत या चळवळीसाठी ‘डावी कडवी विचारसरणी’ असा शब्दप्रयोगही आढळतो.

रचना

संविधानाच्या सातव्या अनुसूचीनुसार पोलीस व सार्वजनिक सुव्यवस्था हे राज्यसूचीतील विषय आहेत. त्यामुळे नक्षलविरोधी कारवाईची प्राथमिक जबाबदारी राज्य पोलिसांची असते व केंद्रीय निमलष्करी दले राज्याच्या मदतीसाठी तैनात केली जातात. नागपूर हे लष्करीदृष्ट्या महत्त्वाचे शहर आहे. भारतीय वायुसेनेच्या अनुरक्षण कमानीचे मुख्यालय येथे असून शेजारच्या कामठी छावणीत ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचे प्रशिक्षण केंद्र आहे. तरीही गडचिरोलीतील मोहिमा पोलिसांच्याच हाती राहिल्या. लष्कर व वायुसेनेचे साहाय्य मुख्यतः प्रशिक्षण, निवडणूक पथकांची वाहतूक आणि जखमींना हलविणे यांपुरते मर्यादित राहिले.

नागपूरजवळील सुराबर्डी येथे अपारंपरिक अभियान प्रशिक्षण केंद्र आहे. तेथे जंगलयुद्ध, भूसुरुंग ओळखणे व प्रथमोपचार यांचे प्रशिक्षण दिले जाते. गडचिरोलीत जखमी झालेल्या जवानांना पुढील उपचारांसाठी हेलिकॉप्टरने नागपूरच्या रुग्णालयांत आणले जाते.

जिल्ह्याच्या अंतर्गत भागांत पोलीस ठाणी, उपपोलीस ठाणी आणि पोलीस मदत केंद्रे यांचे जाळे आहे. पोलीस मदत केंद्रे पूर्वी सशस्त्र दूरक्षेत्र म्हणून ओळखली जात. तटबंदीयुक्त असलेल्या यांपैकी काही केंद्रांचा पावसाळ्यात नदी-नाल्यांच्या पुरामुळे अनेक दिवस संपर्क तुटत असे.

सी-६० पथक

गडचिरोलीचे तत्कालीन पोलीस अधीक्षक के. पी. रघुवंशी यांच्या पुढाकाराने १९९० मध्ये सी-६० या विशेष पथकाची उभारणी झाली. आरंभी पथकात ६० जवान असल्याने त्यास हे नाव पडले. पुढे १९९४ मध्ये अहेरी येथील प्राणहिता उपमुख्यालयात दुसरे पथक सुरू झाले आणि कालांतराने पथकाची संख्या अनेक पटींनी वाढली. ‘वीरभोग्या वसुंधरा’ हे पथकाचे ब्रीदवाक्य आहे.

या पथकात प्रामुख्याने जिल्ह्यातीलच तरुणांची निवड केली जाते. त्यांना गोंडी व माडिया भाषा येतात, जंगलवाटा व पाणवठे परिचित असतात आणि गावागावांत त्यांचे नातेसंबंध असतात. प्रत्येक लहान तुकडी तिच्या प्रमुखाच्या नावाने ओळखली जाण्याची प्रथा आहे. तुकडीचे काम चकमकीपुरते मर्यादित नसते. गावांना भेटी देऊन ग्रामस्थांच्या अडचणी जाणून घेणे, शासकीय योजनांची माहिती देणे आणि नक्षलवाद्यांच्या कुटुंबीयांना आत्मसमर्पणासाठी राजी करणे हीही जवानांची कामे आहेत. बाहेरून आलेल्या मोठ्या दलापेक्षा स्थानिक जवानांचे लहान पथक अधिक परिणामकारक ठरते, या विचारावर सी-६० ची रचना आधारलेली आहे. आंध्र प्रदेशात के. एस. व्यास यांनी १९८९ मध्ये उभारलेल्या ग्रेहाउंड्स दलामागेही असाच विचार होता. तेथे स्वतंत्र गुप्तवार्ता शाखा माहिती मिळवत असे व ग्रेहाउंड्स त्या माहितीवर कारवाई करीत.

गुप्तवार्तेचे स्वरूप

गडचिरोलीत पोलिसांना मिळणाऱ्या माहितीचे साधारणतः चार स्रोत सांगता येतात. पहिला स्रोत गावातील खबरे व सामान्य ग्रामस्थ हा होय. दलम कोणत्या दिशेने गेले, किती जण होते, कोणाकडे जेवले, ही माहिती सर्वांत आधी गावालाच असते. दुसरा स्रोत म्हणजे आत्मसमर्पण केलेले वा अटक झालेले नक्षलवादी. त्यांना तळांची ठिकाणे, सांकेतिक नावे आणि निर्णयप्रक्रिया ठाऊक असते. तिसरा स्रोत चकमकीनंतर हाती लागणारे साहित्य, म्हणजे डायऱ्या, पत्रके, संगणकीय साठवण साधने व औषधांच्या याद्या. चौथा स्रोत तांत्रिक असून त्यात दूरसंचाराचे निरीक्षण, उपग्रह छायाचित्रे व अलीकडच्या काळात ड्रोन यांचा समावेश होतो. माओवादी भूमिगत कार्यकर्ते दीर्घकाळ मोबाइलचा वापर टाळत आणि हस्तलिखित चिठ्ठ्यांवर भिस्त ठेवत. शिवाय अनेक भागांत मोबाइलचे जाळेच नव्हते. त्यामुळे तांत्रिक साधनांपेक्षा मानवी स्रोतांचे महत्त्व अधिक राहिले.

आर्थिक व्यवहारांची माहितीही उपयुक्त ठरते. एप्रिल-मे महिन्यांत चालणाऱ्या तेंदू संकलनाच्या हंगामात ठेकेदारांकडून खंडणी गोळा करण्यासाठी दलमच्या हालचाली वाढतात. उन्हाळ्यात पानगळीमुळे जंगलात दूरवरचे दिसते आणि नदी-नाले कोरडे पडल्याने वाहतूक सोपी होते. माओवादी या काळात आक्रमक मोहीम राबवतात आणि पोलिसांच्या मोठ्या शोधमोहिमाही याच काळात होतात. २८ जुलै ते ३ ऑगस्ट या माओवाद्यांच्या शहीद सप्ताहात आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातील त्यांच्या सैन्यदलाच्या स्थापना सप्ताहात विशेष दक्षता घेतली जाते.

माहितीचे युद्ध दुतर्फी असते. ठाण्यातून निघालेले पथक कोणत्या वाटेने गेले व कोणत्या वाटेने परतेल, हे दलमपर्यंत पोहोचवणारी यंत्रणा गावागावांत होती. त्यामुळे जाण्यायेण्याची वाट वेगवेगळी ठेवणे, गावात मुक्काम न करणे आणि पूर्वतपासणीशिवाय वाहनाने प्रवास टाळणे हे दंडक पोलिसांनी घालून घेतले. या दंडकांचे पालन न झाल्यास त्याचे गंभीर परिणाम झाले.

बळाच्या मर्यादा

२००९ ची हानी

२००९ हे वर्ष महाराष्ट्र पोलिसांसाठी सर्वाधिक हानीचे ठरले. १ फेब्रुवारी २००९ रोजी धानोरा तालुक्यातील मरकेगाव येथे १५ पोलीस मारले गेले. २१ मे रोजी त्याच तालुक्यातील हत्तीगोटा येथील हल्ल्यात १६ पोलिसांचा मृत्यू झाला व त्यांत पाच महिला पोलिसांचा समावेश होता. विधानसभा निवडणुकीच्या मतदानाला पाच दिवस उरले असताना, ८ ऑक्टोबर रोजी, भामरागड तालुक्यातील लाहेरी येथे १७ पोलीस मृत्युमुखी पडले. या तीन घटनांत मिळून ४८ पोलीस मारले गेले.

तिन्ही घटनांत माओवाद्यांनी मोठ्या संख्येने एकत्र येऊन दबा धरला होता. एवढ्या मोठ्या जमवाजमवीची पूर्वसूचना हल्ल्यात सापडलेल्या पोलीस पथकांना मिळाली नव्हती. तेथील ग्रामस्थांना हालचाल दिसली असली तरी ती सांगण्याइतका विश्वास वा सुरक्षितता त्यांना वाटत नव्हती, असे विश्लेषण या घटनांनंतर पुढे आले. २७ मार्च २०१२ रोजी धानोरा तालुक्यातील पुस्टोला येथे भूसुरुंगस्फोटात केंद्रीय राखीव पोलीस दलाचे १२ जवान मारले गेले. जवानांची संख्या वाढवल्याने माहितीचा अभाव भरून निघत नाही, हे या घटनेतून पुन्हा दिसून आले.

शेजारील राज्यांतील अनुभव

६ एप्रिल २०१० रोजी छत्तीसगढमधील ताडमेटला येथे एकाच हल्ल्यात ७६ जवान मारले गेले. बाहेरून आणलेल्या व स्थानिक भाषा न जाणणाऱ्या दलाच्या मर्यादा या घटनेनंतर देशभर चर्चिल्या गेल्या. नक्षलग्रस्त भागांत लष्कर उतरवावे की नाही, हा वादही त्याच सुमारास तीव्र झाला. केंद्र सरकारने लष्कराचा थेट वापर न करण्याचे धोरण कायम ठेवले.

छत्तीसगढमध्ये २००५ पासून सलवा जुडूम या नावाने ग्रामस्थांनाच सशस्त्र करण्याचा मार्ग अवलंबण्यात आला होता. त्यातून हिंसाचार व विस्थापन वाढले. ५ जुलै २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदिवासी तरुणांना विशेष पोलीस अधिकारी म्हणून शस्त्रे देणे घटनाबाह्य ठरवले. महाराष्ट्रात मात्र २००३ पासून नक्षल गावबंदी योजना राबवली गेली. नक्षलवाद्यांना प्रवेश व मदत नाकारण्याचा ठराव करणाऱ्या गावांना या योजनेत विकासकामांसाठी निधी दिला जातो. गावाला शस्त्र न देता निर्णयाचा अधिकार देणे हा दोन्ही मार्गांतील मुख्य फरक होय. तथापि, असा ठराव करणारे गाव माओवाद्यांच्या रोषाला पात्र ठरण्याचा धोका या योजनेतही होताच.

माहितीवर आधारित मोहिमा

२०१३ नंतर विशिष्ट माहितीवर आधारित लक्ष्यकेंद्री मोहिमांचे प्रमाण वाढत गेले. २२ एप्रिल २०१८ रोजी भामरागड तालुक्यात ताडगाव परिसरातील बोरिया-कसनासूर जंगलात सी-६० पथकांनी माओवाद्यांच्या तळाला वेढले. दुसऱ्या दिवशी राजाराम खांदला परिसरात आणखी एक चकमक झाली. इंद्रावती नदीत नंतर सापडलेल्या मृतदेहांसह मृतांची एकूण संख्या ४० झाली. पोलिसांपैकी कोणीही मारले गेले नाही.

२१ मे २०२१ रोजी एटापल्ली तालुक्यातील पैडी जंगलात १३ माओवादी मारले गेले. तेंदू ठेकेदारांकडील खंडणीसंदर्भात बैठक होणार असल्याची माहिती मिळाल्याचे पोलिसांनी तेव्हा सांगितले होते. १३ नोव्हेंबर २०२१ रोजी ग्यारापत्ती परिसरातील मर्दिनटोला जंगलात दिवसभर चाललेल्या चकमकीत २६ माओवादी मारले गेले. त्यांत पक्षाच्या केंद्रीय समितीचे सदस्य मिलिंद तेलतुंबडे यांचा समावेश होता. महाराष्ट्र, मध्य प्रदेश व छत्तीसगढ यांच्या सीमाभागातील विस्ताराची जबाबदारी त्यांच्याकडे होती. या चकमकीत चार जवान जखमी झाले व त्यांना हेलिकॉप्टरने नागपूरला हलविण्यात आले. १७ जुलै २०२४ रोजी छत्तीसगढ सीमेवरील वांडोली येथे १२ माओवादी मारले गेले.

या मोहिमा बळाशिवाय झाल्या नाहीत. मर्दिनटोला येथे शेकडो जवान गुंतले होते. फरक इतकाच, की बळ कोठे व केव्हा वापरायचे हे माहितीने आधी ठरवले होते.

जांभुळखेडा

यशस्वी मोहिमांच्या या मालिकेत १ मे २०१९ चा अपवाद महत्त्वाचा आहे. महाराष्ट्र दिनाच्या पहाटे कुरखेडा तालुक्यातील दादापूर येथे माओवाद्यांनी रस्तेबांधणीची वाहने मोठ्या संख्येने जाळली. घटनास्थळाकडे खासगी वाहनातून निघालेल्या शीघ्र प्रतिसाद पथकाला जांभुळखेडा येथे भूसुरुंगाने लक्ष्य करण्यात आले. त्यात १५ पोलीस व वाहनाचा चालक मारले गेले. जाळपोळ हे पोलिसांना रस्त्यावर आणण्यासाठीचे आमिष होते, असे मानले जाते. मार्गाची पूर्वतपासणी न करता पथक पाठवल्याबद्दल टीका झाली. आदल्या वर्षीच्या यशामुळे चुकीच्या वेळी निर्धास्तपणा आल्याचेही मत व्यक्त झाले. या घटनेच्या तपासात जून २०१९ मध्ये गडचिरोली पोलिसांनी नर्मदा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ज्येष्ठ माओवादी नेत्याला व त्यांच्या पतीला हैदराबाद येथून अटक केली. या कारवाईत एकही गोळी झाडली गेली नाही.

खबरीची किंमत

गुप्तवार्तेच्या यशाची सर्वांत मोठी किंमत गावकऱ्यांनी मोजली. पोलिसांचा खबऱ्या असल्याच्या संशयावरून माओवाद्यांनी गडचिरोलीत चार दशकांत अनेक ग्रामस्थांची हत्या केली. मृतांत बहुसंख्य आदिवासी असून त्यांत पोलीस पाटील, सरपंच, माजी नक्षलवादी व सामान्य शेतकरी आहेत. मृतदेहाजवळ आरोप नमूद करणारे पत्रक टाकण्याची माओवाद्यांची पद्धत होती. जानेवारी २०१९ मध्ये कसनासूर गावातील तिघांची हत्या करून त्यांचे मृतदेह कोसफुंडी फाट्याजवळ टाकण्यात आले. आदल्या वर्षीच्या चकमकीसाठी त्यांनी माहिती पुरवल्याचा आरोप माओवाद्यांनी केला होता. हत्येनंतर भयभीत झालेल्या अनेक ग्रामस्थांनी गाव सोडून पोलीस ठाण्याचा आश्रय घेतला होता.

दुसऱ्या बाजूने, नक्षलवाद्यांना जेवण दिल्याच्या वा मदत केल्याच्या आरोपाखाली ग्रामस्थांना अटकही झाली. १९९० च्या दशकात टाडा कायद्याखाली झालेल्या अटकांवर मानवाधिकार संघटनांनी टीका केली होती. रात्री दारात आलेल्या सशस्त्र माणसांना जेवण नाकारणे शक्य नसलेला आणि सकाळी पोलिसांच्या प्रश्नांना उत्तर न देणेही शक्य नसलेला ग्रामस्थ हा या संघर्षातील सर्वांत असुरक्षित घटक राहिला.

चुकीच्या माहितीचा धोकाही वेळोवेळी पुढे आला. बोरिया-कसनासूर व राजाराम खांदला येथील चकमकींनंतर मृतांमध्ये गट्टेपल्ली गावातील काही तरुण असल्याचे आढळले. हे तरुण दलमचे सदस्य नव्हते, असा दावा नातेवाईक व काही सत्यशोधन पथकांनी केला. पोलिसांनी तो नाकारला व हे तरुण नुकतेच भरती झाल्याचे सांगितले.

आत्मसमर्पण

महाराष्ट्र शासनाने २००५ मध्ये आत्मसमर्पण योजना सुरू केली. दलममधील पदानुसार आर्थिक साहाय्य, शस्त्र जमा केल्यास अतिरिक्त रक्कम, घरकुल, कौशल्य प्रशिक्षण व ओळखपत्रे यांचा योजनेत समावेश आहे. आत्मसमर्पण केलेल्यांची गंभीर गुन्ह्यांतून आपोआप सुटका होत नाही. खटल्यांबाबतचा निर्णय कायद्यानुसार होतो.

गुप्तवार्तेच्या दृष्टीने आत्मसमर्पणाचे महत्त्व दुहेरी आहे. आत्मसमर्पण करणारी व्यक्ती संघटनेची अंतर्गत माहिती घेऊन येते. त्याच वेळी मागे राहिलेल्यांमध्ये परस्परांविषयी संशय निर्माण होतो. चकमकीत मारला गेलेला नेता संघटनेच्या दृष्टीने हुतात्मा ठरतो, मात्र आत्मसमर्पण करणारा नेता तिच्या भूमिकेवरच प्रश्नचिन्ह उभे करतो. १ जानेवारी २०२५ रोजी तारक्का या ज्येष्ठ महिला नेत्यासह ११ जणांनी मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्यासमोर गडचिरोलीत आत्मसमर्पण केले. १५ ऑक्टोबर २०२५ रोजी तारक्का यांचे पती व पक्षाच्या पॉलिट ब्यूरोचे सदस्य मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती यांच्यासह ६१ जणांनी शस्त्रे खाली ठेवली. गडचिरोलीतील चळवळीच्या बांधणीशी भूपती यांचे नाव १९८० च्या दशकापासून जोडलेले होते. आत्मसमर्पणापूर्वी त्यांनी सशस्त्र संघर्ष थांबवण्याची भूमिका जाहीर केली होती व पक्षाच्या दुसऱ्या गटाने त्यांना गद्दार ठरवले होते.

गुप्तवार्ता आणि न्यायालयीन पुरावा

जंगलातील मोहिमेसाठी पुरेशी असलेली माहिती न्यायालयात पुरावा म्हणून टिकेलच असे नाही. या फरकाचे सर्वाधिक चर्चिले गेलेले उदाहरण म्हणजे दिल्ली विद्यापीठातील प्राध्यापक जी. एन. साईबाबा यांचा खटला. गडचिरोली पोलिसांनी त्यांना मे २०१४ मध्ये अटक केली. ७ मार्च २०१७ रोजी गडचिरोली सत्र न्यायालयाने त्यांना जन्मठेपेची शिक्षा सुनावली व त्यांना नागपूर मध्यवर्ती कारागृहात ठेवण्यात आले. १४ ऑक्टोबर २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने खटल्यास दिलेली मंजुरी सदोष ठरवून सर्व आरोपींची मुक्तता केली. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये हा निर्णय रद्द करून प्रकरण फेरसुनावणीसाठी परत पाठवले. ५ मार्च २०२४ रोजी नागपूर खंडपीठाने आरोप सिद्ध करण्यात अभियोग पक्ष अपयशी ठरल्याचे नमूद करून आरोपींची पुन्हा निर्दोष मुक्तता केली. सहआरोपींपैकी एकाचा २०२२ मध्येच कारावासात मृत्यू झाला होता. साईबाबा यांचे १२ ऑक्टोबर २०२४ रोजी निधन झाले.

जप्तीची प्रक्रिया, इलेक्ट्रॉनिक साधनांची हाताळणी आणि मंजुरीची वैधता या बाबी गुप्तवार्तेइतक्याच महत्त्वाच्या असतात, हे या खटल्याने अधोरेखित केले. महाराष्ट्र विधिमंडळाने जुलै २०२५ मध्ये विशेष जनसुरक्षा विधेयक संमत केले. माओवादी संघटनांच्या शहरी जाळ्याला आळा घालण्यासाठी ते आवश्यक असल्याचे शासनाचे म्हणणे आहे. विरोधी पक्ष व नागरी हक्क संघटनांनी त्यातील व्याख्या संदिग्ध असल्याचा आक्षेप घेतला.

प्रशासनाचा विस्तार

२०२० नंतर गडचिरोली पोलिसांनी ‘पोलीस दादालोरा खिडकी’ हा उपक्रम सुरू केला. त्याअंतर्गत दुर्गम भागातील नागरिकांना पोलीस ठाण्यातच जात प्रमाणपत्र, आधार नोंदणी व विविध योजनांचे अर्ज यांसाठी साहाय्य मिळते. एरवी तालुक्याच्या ठिकाणी अनेक फेऱ्या माराव्या लागणारी कामे गावाजवळ होऊ लागल्याने ग्रामस्थांचा ठाण्याशी संपर्क वाढला. ठाण्यात जाणे हे खबऱ्या असल्याचे लक्षण न राहता नित्याचे झाले, हा या उपक्रमाचा अप्रत्यक्ष परिणाम मानला जातो.

नोव्हेंबर २०२३ मध्ये एटापल्ली तालुक्यातील वांगेतुरी येथे एका दिवसात पोलीस मदत केंद्र उभारण्यात आले. त्यानंतर गर्देवाडा, पेनगुंडा व कवंडे येथेही केंद्रे झाली. १ जानेवारी २०२५ रोजी या भागातील गट्टा–गर्देवाडा–वांगेतुरी मार्गावर प्रथमच एसटी बस सुरू झाली.

वनहक्कांच्या क्षेत्रातही जिल्ह्यात समांतर बदल घडले. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले व २०११ मध्ये ग्रामसभेला बांबूच्या वाहतूक परवान्याचे अधिकार प्राप्त झाले. अनेक ग्रामसभा पुढे तेंदू व बांबूचे व्यवहार स्वतः करू लागल्या. चळवळीला आरंभी आधार देणारा मजुरीचा प्रश्न अशा रीतीने काही गावांत सनदशीर मार्गाने सुटू लागला. याउलट एटापल्ली तालुक्यातील सूरजागड येथील लोहखनिज उत्खननास काही ग्रामसभांनी विरोध केला असून विकास व विस्थापन यांविषयीचा वाद संपलेला नाही.

मूल्यमापन

सेथ जोन्स व मार्टिन लिबिकी यांनी रँड कॉर्पोरेशनसाठी २००८ मध्ये केलेल्या अभ्यासात १९६८ ते २००६ या काळातील ६४८ दहशतवादी गटांचा आढावा घेण्यात आला. संपुष्टात आलेल्या गटांपैकी ४३ टक्के राजकीय प्रक्रियेत सामील झाल्यामुळे, ४० टक्के पोलीस व गुप्तवार्ता यंत्रणांच्या कारवाईमुळे आणि केवळ ७ टक्के लष्करी बळामुळे संपले. उर्वरित १० टक्के गटांनी आपले उद्दिष्ट साध्य केले. मात्र मोठ्या, सुसंघटित व सशस्त्र बंडखोरीचे रूप घेतलेल्या गटांबाबत लष्करी बळाची भूमिका तुलनेने मोठी असल्याचेही हा अभ्यास नोंदवतो.

गडचिरोली या दोन्ही प्रकारांच्या सीमेवर येते. येथील माओवादी संघटना शिस्तबद्ध व सशस्त्र होती आणि तिच्याशी चकमकी टाळता आल्या नाहीत. अबुझमाडमधील केंद्रीय व छत्तीसगढच्या दलांच्या वाढत्या कारवाईचा दबावही २०२४ नंतरच्या आत्मसमर्पणांमागे होता. त्यामुळे केवळ गुप्तवार्तेने हा प्रश्न सोडवला, असे म्हणणे एकांगी ठरेल. तथापि २००९ व २०२१ या वर्षांची तुलना केल्यास, त्याच जंगलात आणि त्याच प्रतिपक्षाविरुद्ध परिणाम उलट झालेला दिसतो. या बदलामागे शस्त्रास्त्रांपेक्षा माहितीचा प्रवाह बदलणे हे कारण अधिक प्रभावी होते, असे मत अनेक पोलीस अधिकारी व अभ्यासक मांडतात. गावकऱ्याला बोलणे सुरक्षित वाटू लागले, तेव्हा हा प्रवाह बदलला.

सद्यस्थिती

केंद्र सरकारने ३१ मार्च २०२६ पर्यंत देश नक्षलमुक्त करण्याचे उद्दिष्ट जाहीर केले होते. भूपती यांच्या आत्मसमर्पणानंतर गडचिरोलीतील सशस्त्र संघटन जवळपास संपुष्टात आल्याचे राज्य शासनाने सांगितले. आत्मसमर्पण केलेल्यांचे पुनर्वसन, प्रलंबित खटले, खाणक्षेत्रातील ग्रामसभांचे आक्षेप आणि हत्या झालेल्या ग्रामस्थांच्या कुटुंबीयांना मिळणारे साहाय्य हे यापुढील प्रमुख प्रश्न आहेत.

हे सुद्धा पहा

गडचिरोली जिल्हा
नक्षलवाद
सी-६०
ग्रेहाउंड्स
सलवा जुडूम
मेंढा (लेखा)